फुलांचे चार शनिवार

११ जानेवारी, शनिवार

पोरगी आईला अट घालते! मला!

"चार शनिवार माझ्याबरोबर फुलांच्या क्लासला चल. चौथा झाला की उत्तर देते. तोवर विषय काढायचा नाही."

फुलांचा क्लास म्हणजे काय, तर जपानी लोक भांड्यात फुलं लावतात तसं लावायला शिकायचं. एका वेळचे दीडशे दिरहम. साडेतीन हजार रुपये! म्हटलं, "मला फुलं शिकवणार? दाभोळात जाऊन विचार सेहरा कोण ओवतं ते." लग्नाआधीपासून ओवतेय. इतका दाट की नवऱ्या मुलाचं नाक दिसत नाही. मध्ये कुठं दोरा दिसला तर नावाची अन्वरी नाही.

"म्हणून तर चल," म्हणाली.

मी काय इथं शारजात फिरायला आलेली नाही. अफनानच्या अब्बांनी पाठवलंय. खैरुद्दीन. तोंडानं नाव घेत नाही, कागदावर चालतं. त्यांनी बहिणीला जबान दिलीय — अफनान तुझ्या रेहानला. ईद झाली की निकाह. नणंदेला शबेबरातच्या आत, म्हणजे महिनाभरात, उत्तर पाहिजे. उत्तर म्हणजे 'हो'. 'नाही'ला जागाच नाही. तर दोन महिन्यांचा विजिट विसा आणि डोक्यावर ही कामगिरी.

अट कबूल केली. भांडायला दम नाही. गुडघे विमानातच गेले.

१४ जानेवारी

ती सकाळी सातला जाते. रास अल खोरला ऑफिस. कुठला माल कुठल्या ट्रकनं कुठं जातो ते कॉम्प्युटरवर बघते. संध्याकाळी सातला येते. तोवर मी आणि ही एकच खोली. पलंग, शेगडी, कपडे, सगळं एका नजरेत. नऊ वाजता माझं काम खलास.

विजिट म्हणे! अठरा वर्षं ह्याच शारजात काढली मी. हे इंडस्ट्रियल एरियात गॅरेजला फोरमन होते. मी काय पाहिलं? बाल्कनी, शाळेची बस, को-ऑपचं दुकान. गॅरेज बंद झालं, आम्ही दोघं गावी गेलो, पोरगी कॉलेजला म्हणून राहिली ती राहिलीच. सात वर्षं झाली. आता सव्वीसची आहे. सव्वीस! त्या वयात माझी दोन बाळंतपणं झाली होती. एक जगलं.

१८ जानेवारी, शनिवार

आज पहिला क्लास. तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी.

शारजातून निघायलाच पाऊण तास. मग अल क्वोज. मला वाटलं रस्ता चुकली. दोन्ही बाजूंना गोडाउनं, टायरवाले, सिमेंटचे ट्रक. मध्येच एका गोडाउनला काचेचं दार. आत थंडगार आणि सगळं गप्प. आठ-नऊ बायका. शिकवणारी जपानी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल, काडीसारखी. तिला सगळ्या सेन्सेई म्हणतात, म्हणजे मास्तरीण. आधी सगळ्यांनी तिला वाकून सलाम केला. मीही वाकले, कमरेतून कळ आली.

समोर एक पसरट ताट, त्यात पाणी, पाण्यात खिळ्यांची चकती. बाजूला बारा शेवंत्या, ताज्या, लांब देठाच्या. मास्तरीण इंग्रजीत हळूहळू बोलत होती. बोलतेय, बोलतेय... फुलं समोर आणि हात रिकामे, मला नाही बसवत. मी आपली कामाला लागले. पाच मिनिटांत बाराच्या बारा डोकी खुडून ढीग केला, देठ खालच्या टोपलीत टाकले. सुई-दोरा मागावा म्हणून मान वर केली. सगळ्या माझ्याकडे बघताहेत.

शेजारी हेमा म्हणून एक होती. पुण्याची, नवऱ्याबरोबर वीस वर्षं दुबईत. ती म्हणते, "अहो ताई, मुंडकीच उडवलीत की!"

अफनाननं कपाळाला हात लावला. "ओ माय गॉड, अम्मी."

मला काय माहीत! देठ म्हणजे कचरा. दोऱ्यात देठ कोण ओवतं?

मास्तरीण रागावली नाही. खाली वाकली, टोपलीतून एकेक देठ काढला, पाण्यात धुतला, माझ्यासमोर ठेवला. काहीतरी बोलली. हेमानं सांगितलं, "त्या म्हणतात, आज तुम्ही देठच लावा."

"आणि फुलं?"

"फुलं पुढच्या वेळी."

दीड तास मी बोडके देठ खिळ्यांत टोचत बसले. शिक्षा होती की थट्टा, अजून कळत नाही. बाकीच्या बायकांची फुलं, माझे देठ. बारा लावले, दाट. ती आली, बघत उभी राहिली, आठ उपटले. चार राहिले त्यांतला एक बोटभर वाकडा केला. मान हलवली आणि गेली.

मग सगळ्यांनी लावलेलं सगळं काढून टाकलं! पेपरात गुंडाळून घरी न्यायचं आणि परत लावायचं म्हणे. आधी लावा, मग काढा! मी पैसे भरलेले बघून उठले नाही, नाहीतर तिथंच सलाम ठोकला असता.

खुडलेली फुलं रुमालात बांधून आणली. अफनानच्या पर्समध्ये सुई-दोरा निघाला. शेख झायद रोडवर गाडी खोळंबली तेवढ्यात वेणी ओवून झाली. तिला दिली. तिनं केसात नाही घातली. आरशाला टांगली.

२१ जानेवारी

त्यांचा फोन. "काय म्हणते?"

"चार शनिवार थांबा."

"तिथं फुलं लावत बसलीयस? तू आई आहेस की पाहुणी?"

म्हटलं, विसावर पाहुणीच लिहिलंय. हसले नाहीत.

२५ जानेवारी, शनिवार

आज मला तीन फुलं मिळाली. तीन! बाराच्या जागी. एक लांब फांदी, एक मधली, एक बुटकी, आणि मध्ये मोकळं. मला मोकळं बघवत नाही. हात शिवशिवतात. कोपऱ्यातली पानं घेऊन भरून टाकलं. ती आली, काढून टाकलं. मी परत भरलं. ती परत आली. हेमा खुदुखुदु हसत होती. "ताई, तुमची आणि त्यांची कुस्ती चाललीय."

पण आजची गोष्ट माझी नाही, अफनानची.

तिनं एक वाळकी फांदी घेतली आणि ताटाच्या बाहेर, टेबलाच्याही बाहेर जाईल अशी आडवी लावली. आत्ता पडेल अशी. तिच्यापाशी एकच लाल फूल, तेही मागं लपलेलं. मी म्हटलं, "पडेल ते. सरळ कर." ऐकलं नाही. मास्तरीण आली, फूल पुढं घ्यायला हात घातला, तर ही म्हणते, "नो. आय वाँट इट देअर." गुरूला! माझ्या कानशिलांतून वाफ. त्या बाईनं हात मागं घेतला. खाली बसली, फुलाच्या उंचीला डोळे नेले, बघितलं बराच वेळ. मग अफनानकडे बघून हसली, आणि अफनानही हसली. दात दिसतील एवढं. असं हसताना मी तिला शाळेत असताना पाहिलं होतं. मग मी शारजातून गेले.

फांदी शेवटपर्यंत पडली नाही. घरी आणून परत लावली तरी पडली नाही. जेवायला जागा राहिली नाही, ते वेगळं. आम्ही दोघी पलंगावर बसून जेवलो.

२९ जानेवारी

रेहानची आई, अफनानची हलीमा फुफी, फोनवर गोड बोलते. "वहिनी, पोरीचे कपडे इथंच शिवूया." सगळं ठरलंच आहे जसं.

रेहानमध्ये खोट काढायला बसले तर सापडत नाही. तेच तर! बोटीवर आहे, पगार चांगला, मान खाली घालून बोलतो. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. नऊ महिने अफनान माझ्या नणंदेच्या घरात. पाणी किती वाजता येतं, आंबे कोण उतरवणार, आज कुणाकडे मौत झाली. कॉम्प्युटर नाही, ट्रक नाही. नणंदेचं घर मला माहीत आहे. तीन वर्षं त्याच घरात काढलीत मी, आमचं बांधून होईपर्यंत. दुपारचं झोपलं तरी ती दार वाजवून विचारायची, "बरं नाही का?"

हे लिहिलं कशाला? पोरगी द्यायला आलेय मी.

१ फेब्रुवारी, शनिवार

तिसरा. जाताना दीड तास, येताना दीड तास. गुडघा सुजलाय.

आज मास्तरणीनं माझं काही उपटलं नाही. दोन काड्या आणि एक पान एवढंच लावलं होतं, कारण कंटाळा आला होता. तिला वाटलं मी शिकले! हेमानं टाळी दिली. मीही घेतली.

येताना अफनान गाडीत बोलली. आपणहून. बॉस नवीन आहे, मिस्री, म्हणजे इजिप्तचा, कामाचा आहे. तिला आता टीम देणार, सहा माणसं तिच्या हाताखाली. "अम्मी, सहा! त्यातले दोघे माझ्याहून मोठे." मी म्हटलं, "ओरडत जा त्यांच्यावर." म्हणाली, "ओरडावं लागत नाही." माझ्या घरात सगळ्यांना ओरडूनच कळतं.

३ फेब्रुवारी

शबेबरातला दहा दिवस. ह्यांचा आवाज चढलेला.

"एका पोरीकडून एक शब्द काढता येत नाही तुला?"

"शनिवारी देणार आहे."

"शनिवार गेला खड्ड्यात. हलीमा रोज दारात येते. मी काय सांगू? जबान दिलीय." मग आवाज खाली. "ऐक. तिला सांग, अब्बा मशिदीच्या पायरीवर चक्कर येऊन पडले. बीपीनं. सांग, तुझ्या काळजीनं. मग बघ."

"पडलात का?"

"पडेन आता. तसंच समज."

बीपी आहे त्यांना. गोळी चालू आहे. पण पडले नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

दोन दिवस टाळलं. आज परत फोन, परत तेच, शिव्या वर. ती ऑफिसातून आली, बूट काढत होती. मी शेगडीकडे तोंड करून सांगून टाकलं. "तुझे अब्बा पडले. मशिदीच्या पायरीवर. डॉक्टर म्हणतो टेन्शन."

एक बूट पायात, एक हातात, तशीच खाली बसली. लगेच अब्बांना फोन लावला. त्यांनी बारीक आवाज काढला. बाहेर ऐकू येत होतं — "माझं काय बेटा, आज आहे उद्या नाही." ह्यांना हे कुणी शिकवलं? गॅरेजमध्ये दहा माणसांवर आरडाओरडा करणारा माणूस!

फोन ठेवला. रडली नाही. मी ताट वाढलं. जेवली. जेवताना म्हणाली, "अम्मी, फुफीला हो सांग."

मी म्हटलं, "शनिवार व्हायचाय अजून."

"नो नीड. सांग हो. मी थकले."

आवाजात राग नाही, काही नाही. ऑफिसला मेल पाठवावा तसं.

काम झालं. ज्यासाठी आले ते झालं. इथं लिहून ठेवते — काम झालं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांना अजून कळवलेलं नाही. चार मिसकॉल. म्हटलं, क्लास झाला की करते. काय घाई आहे? महिना थांबले, दोन दिवस थांबतील.

माझ्या निकाहला काजीनं माणसं पाठवली होती आत, मुलगी राजी आहे का विचारायला. मी सतरा वर्षांची. वर बुरखा, वर ओढणी, वर सेहरा, मला कोण विचारतंय तेही दिसत नव्हतं. चाचीनं मागून मान धरून खाली दाबली. "झालं, कबूल आहे," म्हणाली. माणसं गेली. सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. चाचीचा हात जड होता एवढंच आठवतं.

त्यात वाईट काय झालं? काहीच नाही. घर झालं, पोर झालं, अठरा वर्षं शारजा झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार

चौथा. म्हटलं नको जाऊया, गुडघा दुखतो. ती म्हणाली, "जाऊया, ठरलंय ना."

आज मास्तरणीनं दोघी दोघींना मिळून एकच ताट दिलं. आई आणि मुलीला एक. पाइनची फांदी, दोन पांढरी फुलं, थोडं गवत. हेमा म्हणाली, "आता कळेल कोण कुणाचं ऐकतं ते!"

मी तयार होते. म्हटलं, आता ही आडवी लावणार, मी सरळ म्हणणार, होऊ दे.

अफनाननं फांदी हातात घेतली आणि मला विचारलं, "अम्मी, कुठं लावू?"

म्हटलं, "तुला पाहिजे तिथं लाव."

"तू सांग ना."

मी सांगितलं, मध्ये. तिनं मध्ये लावली. सरळ, उभी. "आता हे फूल?" म्हटलं, डावीकडे. डावीकडे लावलं. "केवढं कापू?" मी बोटानं दाखवलं, तेवढंच कापलं. "बरोबर आहे?" प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघून — बरोबर आहे? मुद्दाम चुकीचं सांगितलं मी, दोन्ही फुलं एका ठिकाणी चिकटवून. लहान पोरालाही दिसेल असं. तिनं तसंच लावलं. हूं की चूं नाही.

गेल्या महिन्यात हिनं ह्याच टेबलावर गुरूला 'नो' म्हटलं होतं.

सव्वीस वर्षं मी ओरडतेय — ऐकत जा माझं, ऐकत जा. आज ऐकलं. पहिल्यांदा. पाणी मागितलं.

मास्तरीण आली. बघितलं. उपटलं नाही, हलवलं नाही, खाली बसूनही बघितलं नाही. विचारलं, हे कुणी केलं? अफनान म्हणाली, "माय मदर." बाई माझ्याकडे बघत राहिली. मला इंग्रजी येत नाही, पण तिनं मला काही विचारलं असतं तर समजलं असतं. विचारलं नाही. पुढच्या टेबलाला गेली.

निघताना हेमानं विचारलं, "अन्वरीताई, पुढच्या महिन्यात येणार ना?" मी म्हटलं, "मी जाणार गावी." "आणि अफनान?" अफनान पेपरात फुलं गुंडाळत होती. म्हणाली, "मी पण."

घरी येऊन पुडी सोडली नाही. ओट्यावर पडलीय.

मी त्यांच्यासाठी खोटं बोलले. माझ्या पोरीशी. हे कागदावर लिहिलं की जरा बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ह्यांना फोन केला. म्हटलं, "पोरगी साफ नाही म्हणते. मी पुष्कळ सांगून बघितलं. नाही म्हणजे नाही." खूप ओरडले. ओरडू दिलं. म्हटलं, "जबान तुम्ही दिलीत, मागे पण तुम्हीच घ्या," आणि ठेवला.

वळले तर अफनान पलंगावर उठून बसलेली. "अम्मी! अब्बांची तब्येत—"

"काही झालं नाही अब्बांना. पडले नव्हते ते. मी खोटं सांगितलं."

मग हळूच म्हणाली, "पण मी तर हो म्हटलं होतं."

म्हटलं, "म्हटलं असशील. मी नाही ऐकलं."